सोमवारचं मौन

देवावरचं माझं मन उडालं होतं, हे मी कधी कुणाला बोलून दाखवलं नाही. आमच्या घरात तसं बोलण्याची सोयच नव्हती. सकाळी आंघोळ झाली की गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी घालायचं, भस्म लावायचं, बेल वाहायचा आणि मगच चहाला तोंड लावायचं. माझे वडील हे करत आले आणि त्यांच्यामागे मी करत आलो. पण मधे एक काळ असा आला की लिंग हातावर असायचं आणि मन कुठेतरी रुसून बसलेलं असायचं. हात तेवढे सवयीनं चालायचे. तो काळ कसा आला आणि कसा सरला, ते लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं. त्यात चमत्कार आहे की नाही, हे मला ठरवता आलेलं नाही.

उदगीरच्या बाजारात आमचं भांड्यांचं दुकान आहे आणि दुकानाच्या मागेच घर. लग्नानंतर खूप वर्षांनी आम्हाला मुलगी झाली. तिचं नाव गिरिजा. आमच्यात मूल जन्मलं की स्वामी घरी येतात, बाळाला लिंग बांधतात आणि त्याच्या कानात मंत्र सांगतात. गिरिजाच्या कानाशी स्वामींनी तोंड नेलं तेव्हा ती डोळे मिटून शांत पडून होती. इतर बाळं त्या वेळी दचकतात, रडतात. ही हललीसुद्धा नाही. माझ्या आईला, म्हणजे अव्वाला, त्याचं केवढं कौतुक! "मागल्या जन्माची शरण हाय," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. शरण म्हणजे आमच्यातले संत.

पुढेही तसंच. भांड्यांच्या दुकानात दिवसभर काय कमी आवाज असतो? घागरी उतरवा, पराती मांडा, गिऱ्हाईक प्रत्येक भांडं वाजवून बघणार, त्यात स्टीलवर नाव टाकायच्या मशीनची घरघर. या सगळ्यात गिरिजा गल्ल्यामागच्या गोधडीवर निवांत झोपायची. लोक म्हणायचे, भांडेवाल्याची पोरगी आहे, आईच्या पोटातूनच सवय करून आली. आम्हीही हसायचो. ती रांगायला लागली आणि मी नाव टाकायला बसलो की माझ्याजवळ येऊन भांड्यावर पंजा ठेवायची. मशीनची थरथर हाताला लागली की खुदकन हसायची. शेजारपाजारची तिच्याबरोबरीची पोरं बोबडं बोलू लागली, तरी हिच्या तोंडून शब्द नाही. पण आम्हाला त्याची काळजी वाटली नाही. आमची पोर ध्यानात असते, असंच आम्ही धरून चाललो होतो. भांड्यांच्या आवाजात राहणारे आम्हीच अशी चूक करू शकत होतो.

एका बाजाराच्या दिवशी देवणीकडची एक बाई तांब्या घ्यायला आली. चाळिशीची असेल. कपाळाला भस्म, हातात कापडाची पिशवी. मी वरच्या फळीवरून एक परात ओढली आणि सगळी चळतच खाली आली. असा आवाज झाला की रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. बाईनं कानांवर हात ठेवले. गिरिजा त्या परातींकडे पाठ करून, अगदी हातभर अंतरावर, वाटीत वाटी घालत बसली होती. तिनं मान वळवली नाही. मी नेहमीसारखा हसून म्हणालो, "बघा, आमची महादेवाची पिंड! जग बुडालं तरी हलायची नाही."

बाई हसली नाही. ती गिरिजाकडे बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "दादा, राग नका मानू. लेकरू वळलं न्हाई."

"तिला सवय आहे या आवाजाची," मी म्हणालो.

"माझ्या भावाचं लेकरू आसंच व्हतं. आमी बी म्हणलो, लई शांत हाय. आमाला कळस्तोवर लई उशीर झाला. तुमी लवकर बगा. लातूरला कान तपासतेत."

मला तिचा असा राग आला की विचारू नका. पण दुकानात आलेल्या माणसाला वाकडं बोलायचं नाही ही वडिलांची शिकवण. मी तिचा तांब्या पुसून ठेवला. तिनं पैसे दिले आणि म्हणाली, "नाव टाकायचं हाय त्याच्यावर. बाजार करून येते, मग सांगते कुणाचं टाकायचं ते." आणि गर्दीत निघून गेली.

माझी बायको महानंदा आतल्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती, ते मला नंतर कळलं. ती बाहेर आली, पडलेल्यातली एक परात उचलली आणि गिरिजाच्या मागे उभी राहून लाटण्यानं वाजवली. गिरिजा वाट्यांशी खेळत होती. महानंदानं पुन्हा वाजवली, आणखी जोरात, मग आणखी. शेवटी मी तिच्या हातातलं लाटणं धरलं. त्या दिवशी मी दुपारीच दुकान बंद केलं. ती बाई नंतर येऊन गेली असेल तर तिला बंद दारच दिसलं असेल.

लातूरला तपासणी झाली. डॉक्टर भले माणूस होते, त्यांनी सगळं समजावून सांगितलं. कानाची नस कमजोर आहे. बारीक आवाज, भांड्याचा खणखणाट, बायकांचं बोलणं, हे तिच्यापर्यंत जवळजवळ पोचतच नाही. जाड आवाज थोडा पोचतो. दोन्ही कानांना यंत्र लावावं लागेल आणि त्यानंतर तिला ऐकायला शिकवावं लागेल, मग बोलायला. वेळ लागेल. बोलेलच अशी खात्री देता येत नाही, पण अजून वय लहान आहे, आशा ठेवा.

परतीच्या एसटीत महानंदा खिडकीकडे तोंड करून रडत होती आणि गिरिजा माझ्या मांडीवर झोपली होती. तिच्या गळ्यातल्या लिंगाच्या दोऱ्यावर माझा हात होता. एकच गोष्ट मनात घोळत होती. स्वामींनी मंत्र सांगितला तो हिला ऐकूच आला नव्हता. आम्ही सगळे हात जोडून उभे होतो, आणि देवाचं नाव माझ्या लेकराच्या कानापर्यंत गेलंच नव्हतं. मग देव तरी तिथे कशाला होता, असं वाटलं. त्या दिवसापासून पूजेत माझ्या मनात एकच शब्द असायचा: दे. माझ्या पोरीला आवाज दे. आणि दे म्हणताना सुद्धा मी त्याच्याशी भांडतच असायचो.

अव्वानं तिच्या परीनं उपाय काढला. "आपण काहीतरी सोडल्याबिगर कसं मिळंल? तू बोलणं सोड. सोमवारचं मौन धर. तुझं बोलणं महादेव तिला देईल." मला ते पटलं. देवाशी भांडण असलं तरी सौदा करायला माझी ना नव्हती. शेवटी मी दुकानदारच. आमच्या दुकानाला सोमवारी सुट्टी असते, त्यामुळे अडचणही नव्हती. मी तळहातावरच्या लिंगाला शब्द दिला: गिरिजा बोलेपर्यंत दर सोमवारी उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडातून अक्षर काढणार नाही. आणि तो शब्द मी कसोशीनं पाळला. घरात कुणी पडलं झडलं तरी मी खुणेनं सांगायचो.

यंत्रं आली. दर आठवड्याला महानंदा तिला घेऊन लातूरला शिकवणीला जायची. तिथल्या बाई आवाज ऐकायला शिकवायच्या: डफ वाजला की मणी वाटीत टाकायचा. गिरिजा ते शिकली. घरीही आम्ही तोच खेळ खेळायचो. पण स्वतःचा आवाज ती काढेना. तिच्याबरोबर आलेली मुलं आई म्हणू लागली, बाबा म्हणू लागली. मी रात्री दुकान बंद करून आत आलो की तिची हनुवटी धरून म्हणायचो, "अप्पा म्हण. अप्पा." ती माझ्या ओठांकडे बघायची आणि थोड्या वेळानं मान सोडवून पळायची. रोज तेच. एकदा तर मला बघूनच ती अव्वाच्या मागे लपली, तेव्हा मला फार वाईट वाटलं.

एका आठवड्यात महानंदाला ताप आला, म्हणून मी दुकान बंद ठेवून गिरिजाला लातूरला घेऊन गेलो. शिकवणाऱ्या बाईंनी माझं बोलणं ऐकलं आणि त्या एकदम म्हणाल्या, "तुमचा आवाज चांगला जाड आहे हो. बघा, तुम्ही बोलता तेव्हा ती कशी मान वळवते. तिला सगळ्यात जास्त तुमचाच आवाज ऐकू येतो. घरी किती बोलता तिच्याशी?"

मी सांगितलं, की दुकानातून वेळ कुठे मिळतो, रात्री थोडंफार.

"आणि सुट्टीच्या दिवशी?"

तेव्हा व्रताचं सांगावंच लागलं. सांगताना वाटलं, त्या माझी भक्ती बघून दोन शब्द बरे बोलतील. त्या गिरिजाच्या कानातलं यंत्र नीट बसवत राहिल्या. मग म्हणाल्या, "व्रताबद्दल मी बोलणारी कोण? पण तुम्हाला खरं सांगते. सोमवारी तिच्यासाठी घरात बाप नसतो."

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. बाईंचं म्हणणं समजत होतं, पण भीती त्याहून मोठी होती. महादेवाला दिलेला शब्द मोडला आणि पोर कधीच बोलली नाही, तर? मग ते माझ्यामुळे झालं असंच मी जन्मभर म्हणत राहिलो असतो. घरी सांगितलं तर अव्वा खवळलीच. "त्या बाईला काय ठावं आपल्या घरचं? देवाला दिलेला शब्द हाय, भाजीपाला न्हाई परत करायला!" महानंदा तापानं अंथरुणाला खिळली होती. ती तिथूनच म्हणाली, "अव्वा, माझं लेकरू बोललं न्हाई तरी मी सांभाळीन त्याला. पर बापाचा आवाज तरी ऐकू द्या हो त्याला." आमच्या घरात सून सासूसमोर असं कधी बोलली नव्हती. अव्वा उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यासमोर चहा ठेवून एवढंच म्हणाली, "तूच सांग काय ते महादेवाला. मला मधी घालू नगंस."

सोमवार आला. आंघोळ करून मी आसनावर बसलो, लिंग तळहातावर घेतलं. गिरिजा रोजच्यासारखी समोर येऊन बसली. तिला बेलाची पानं फार आवडायची, ताटातली पानं उचलून ती मांडीवर रचत बसायची. एरवी मी पूजा मनातल्या मनात करायचो. त्या दिवशी मोठ्यानं म्हणालो, "देवा, मी धरलेलं व्रत मला झेपत नाही. ते परत घे."

गिरिजानं झटकन मान वर केली. त्या जागेवरून तिनं कधी आवाज ऐकलाच नव्हता. ती माझ्याकडे अशी टक लावून बघायला लागली की मला पुढे थांबताच येईना. काय बोलावं ते सुचेना, म्हणून हातांनी जे करत होतो तेच बोलत गेलो. "हे पाणी घे देवा. पाणी घे. हे भस्म घे. हा बेल घे." बोलता बोलता मी रडायला लागलो. कितीतरी दिवसांनी माझं मन त्या तळहातावर आलं होतं.

तेव्हापासून दर सोमवारी माझ्या तोंडाला खंड नसे. सकाळी पूजा मोठ्यानं, मग दिवसभर गिरिजाला काखेत घेऊन घरभर बडबड. ही भाकरी, गरम आहे, फुंकर घाल. हा टॉवेल, ओला आहे. ही अव्वा, आपल्यावर रागावली आहे. अव्वा सुरुवातीला फुगून असायची, मग तीच म्हणू लागली, "आता याच्या तोंडाला कुलूप घाला कुणीतरी, कान किटले माझे!" लातूरच्या बाईंनी बजावलं होतं, तिला म्हण म्हणून मागे लागू नका, तुम्ही फक्त बोला. म्हणून अप्पा म्हण, हे मी सोडून दिलं. कठीण गेलं, पण सोडलं. आणि माझ्या एक लक्षात आलं. पूजेत पाणी घे, बेल घे म्हणण्यात मी इतका गुंतलेला असायचो की दे म्हणायचं राहूनच जायचं. पहिल्यांदा चुकून राहिलं, मग राहूनच गेलं.

असे खूप महिने गेले. गिरिजा बोलली नाही. पण ती आता माझ्यापासून लपत नव्हती. माझ्या मांडीवर बसून माझ्या गळ्यावर पंजा ठेवायची, पूर्वी मशीनखालच्या भांड्यावर ठेवायची तसा, आणि माझा आवाज हातानं चाचपत राहायची. तेवढ्यावरच मला समाधान वाटायला लागलं होतं. हे असंच राहिलं तरी आपण हिच्याशी बोलत राहायचं, असं मनाशी ठरून गेलं होतं. ठरवलं तेव्हा वाईट वाटलं नाही.

थंडीचे दिवस होते. मला अशी सर्दी झाली की घसा पार बसला. सोमवारी सकाळी उठलो तर तोंडातून नुसती हवा येत होती. महानंदानं हळदीचं दूध दिलं, काही उपयोग झाला नाही. तसाच आसनावर बसलो. गिरिजा समोर बसली. मी पाणी घातलं, काही बोललो नाही. ती माझ्या ओठांकडे बघायला लागली. मी भस्म लावलं. ती पुढे सरकली, माझ्या गळ्याला हात लावून बघितला. आवाज नव्हता. तिच्या कपाळाला आठी पडली. मी बेलाचं पान घ्यायला ताटाकडे हात नेला, तर तिनं ते आधीच उचललं होतं. थोडा वेळ ती तशीच पान धरून वाट बघत राहिली. मग तिनं ते माझ्या तळहातावरच्या लिंगावर ठेवलं आणि म्हणाली,

"घे."

जाडाभरडा, घोगरा आवाज होता. तिचा आवाज कसा असेल याचा मी किती वेळा विचार केला होता, तसा अजिबात नव्हता. तरी इतका गोड आवाज मी आजवर ऐकलेला नाही. मला महानंदाला हाक मारायची होती आणि घसा साथ देईना. उठता येईना, हातावर लिंग होतं. शेवटी उजव्या हातानं पूजेचं ताट उचलून फरशीवर आपटत सुटलो. महानंदा पिठाच्या हातांनी धावत आली, मागून अव्वा. मी नुसता गिरिजाकडे बोट दाखवत होतो. गिरिजानं आईकडे बघितलं, ताटातून सांडलेलं एक पान उचललं आणि तिच्यापुढे धरून पुन्हा म्हणाली, "घे." महानंदानं ते पान घेतलं. अव्वानं पदर डोळ्यांना लावला आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सोमवार हाय रे आज. आन् तू मुका हाईस." ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

यावर अव्वा आजही खूप काही सांगते. सोडलेलं व्रत महादेवानं स्वतःच्या हातानं पुरं करून घेतलं, असं तिचं म्हणणं. शिकवणाऱ्या बाईंना सांगितलं तेव्हा त्या हसून म्हणाल्या, तुम्ही थांबलात म्हणून तिला बोलायला जागा मिळाली. मला दोन्ही खरं वाटतं. मी एवढंच जाणतो, की आधी कितीतरी दिवस मी दे दे म्हणून दार वाजवत होतो आणि माझी लेक पहिला शब्द बोलली तो घे होता. ती तो महादेवाला म्हणाली की मला, हे मी कधी तिला विचारणार नाही.

देवणीकडच्या त्या बाईचा तांब्या अजून दुकानात आहे. ती पुन्हा आली नाही. बाजाराच्या दिवशी भस्म लावलेली कुणी बाई दारात दिसली की मी उठून बघतो. अव्वा म्हणते, कुणाची वाट बघतोस, तो महादेवच होता. मला वाटतं, ती आपल्या भावाच्या लेकरासाठी तळमळणारी एक बाई होती, आणि तिला त्या दिवशी आमच्या दुकानात कुणी पाठवलं एवढंच मला माहीत नाही. तांब्या महानंदा दिवाळीला चिंचेनं घासून पुन्हा जागेवर ठेवते. त्यावर अजून कुणाचं नाव टाकलेलं नाही. तो तिचा आहे, ती येईल तेव्हा सांगेल.

गिरिजा आता बरंच बोलते. अप्पासुद्धा म्हणते, ते कधी म्हणाली ते आम्हाला आठवतही नाही, एवढ्या साऱ्या शब्दांबरोबर ते आलं. माझा घसाही कधीच बरा झाला. पण सकाळच्या पूजेत मी आता पुन्हा गप्प असतो. लिंग तळहातावर घेऊन हात पुढे धरतो आणि वाट बघतो. घे म्हणायचं काम तिचं आहे.